मौत का कुआँतला घाबरट

नव्वदच्या आसपास मी खानदेशातल्या जत्रांत मौत का कुआँत फटफटी चालवायचो. लाकडी विहिरीच्या उभ्या भिंतीवर हात सोडून फिरणारा हा शूरवीर खाली उतरला, की रिक्षात बसायलाही घाबरायचा. पुढे झोप गेली, उगाच रडू येऊ लागलं. शेवटी बायकोने मला धुळ्याला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. दवाखान्याच्या जिन्यातच मी अडून बसलो.

म्हटलं, “लोक मला वेडा म्हणतील.”

ती म्हणाली, “तुम्ही भितवर फटफटी चालाडतस, तवय लोके तुम्हले शहाणा म्हणतस का?”

मी उठलो आणि तिच्या मागोमाग वर गेलो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, बोलतं केलं. हळूहळू झोप लागू लागली, ती इतकी की पुढच्या जत्रेत पहिल्या खेळासाठी मालकाला मला हलवून उठवावं लागलं.