भटूआबांचा प्ले

भटूआबांना मी जिंकवलं. आयुष्यात इतकं वाईट काम मी दुसरं केलेलं नाही.

मी निर्मलकुमार. वडिलांचं कापडदुकान सोडून धुळ्यात अठ्ठ्याण्णव साली गेम पार्लर काढलं, तेव्हा घरचे म्हणाले, पोरगं वाया गेलं. माझ्याकडे टेबलाला स्क्रूनं आवळलेलं एक स्टेअरिंग होतं, खाली दोन पेडल. अख्ख्या गल्लीला त्याचं वेड. आणि माझी एक युक्ती होती. कुणी फार हरायला लागला की मी सेटिंगच्या पानावर 'स्टेअरिंग हेल्प'च्या चौकोनात गुपचूप खूण करायचो. मग वळणावर गाडीला कॉम्प्युटरच सावरायचा. गिऱ्हाईक छाती फुगवून घरी जायचं आणि दुसऱ्या दिवशी हजर. मला याचा मोठा अभिमान होता. दीडशहाणाच होतो मी.

भटूआबा आमच्याच गल्लीतले जुने ट्रक ड्रायव्हर. त्याच्या दहा-अकरा वर्षं आधी दोंडाईच्याहून मिरची भरून येताना त्यांची गाडी एका वळणावर कड्याला धडकली. शेजारी बसलेला त्यांचा जोडीदार मगन जागीच गेला. आबा म्हणाले, स्टेअरिंगला प्ले होता, म्हणजे चाक सैल होतं, फिरवूनही गाडी वळली नाही. मालक म्हणाला, डुलकी लागली. आबांना स्वतःलाच तो क्षण नीट आठवत नव्हता. त्यानंतर त्यांनी गाडीला हात लावला नाही. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मयताच्या नावानं घागर भरतात, कुणाला तरी पितर म्हणून बसवून जेवू घालतात. मगनची आई सुंदरबाई दरवर्षी आबांनाच बसवायची. त्या ताटावर बसायचा आपल्याला हक्क आहे का, एवढंच त्या माणसाला जाणून घ्यायचं होतं. हे सगळं मला नंतर कळलं. आधी विचारायची अक्कल कुणाला होती?

आखाजीच्या आठ दिवस आधी ते आले. चपला दाराशी काढल्या, स्टेअरिंगला हात लावून पाया पडले. मला हसू आलं. दोन वळणं घेतली आणि म्हणाले, "शेठ, याले प्लेच नही. मन्ही गाडीले चार बोटं प्ले व्हता. तितला करी दे."

असं आजवर कुणी मागितलं नव्हतं. मी खूश. सेटिंगचं पान उघडलं. चाक मधे सैल ठेवायची एक पट्टी होती, ती माउसनं सरकवत गेलो. आबा दर वेळी चाक हलवून बघत.

"आखो थोडा. आखो. बस, हाऊच."

मग त्यांनी घाटाचा रस्ता मागितला. तिसऱ्या वळणावर गाडी कड्याला धडकली. पुन्हा धडकली. चार वेळा धडकली. आबा गप्प होत गेले. मला वाटलं, म्हातारा हिरमुसला. खरं तर त्यांचा जीव हलका होत होता, दोष प्लेचाच होता म्हणून. मी पाणी द्यायच्या निमित्तानं वाकलो आणि चौकोनात खूण केली.

पाचव्यांदा गाडी लोण्यातून सुरी जावी तशी वळली. मी टाळ्या वाजवल्या. आबांचे हात चाकावरच राहिले.

"तितलाच प्ले, तसंच वळन, नि मी निंघी गऊ," ते म्हणाले. "मंग त्या रोजे काब्रं नही निंघनू? झोपच लागनी व्हती माले. मगनले मीच मारं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मी तिथल्या तिथे कबूल केलं, "आबा, मी मदत लावली होती. गाडी तुम्ही नाही, कॉम्प्युटरनं वळवली." स्क्रीनवरची खूण दाखवली. त्यांना इंग्रजी कुठून वाचता येणार! मी ती काढली, पुन्हा बसा म्हणून हाताला धरलं.

"तू भला पोऱ्या शे," ते म्हणाले. "मन्हं मन राखाले हाई सांगस. आते तू काय लावस, काय काढस, माले काय कळस?"

चपला घालून ते निघून गेले. त्या आठ दिवसांत मी तीनदा त्यांच्या घरी गेलो. प्रत्येक वेळी त्यांनी चहा पाजला आणि विषय बदलला.

आखाजीला दुपार टळली तरी आबा जेवायला गेले नाहीत. शेवटी सुंदरबाई स्वतः ताट घेऊन त्यांच्या दारात आली. आतून कडी होती. गल्ली बघत होती, मीही होतो.

"भटू," ती म्हणाली, "तू झोपेल व्हता का जागा व्हता, मी तुले कधी इचारं का? ऊठ. मन्हा मगन उपाशी शे."

कडी निघाली नाही. ती बराच वेळ उभी राहिली आणि ताट घेऊन परत गेली.

त्या थंडीत आबा वारले. पुढच्या आखाजीला सुंदरबाईनं दोन घागरी भरल्या, एक मगनची, एक आबांची, आणि पितर म्हणून बोलावणं मला आलं. मी गेलो. कडी लावून बसायला आबांइतकी लाज असावी लागते. माझ्यात ती नव्हती.