तीन घरांचा खटका

राजूरच्या एका कोळसा खाणीवर पूनमसिंग वायरमन होता. पाळी बदलायची वेळ झाली की त्याच्या खोलीतल्या घड्याळातल्या दोन पितळी पट्ट्या एकमेकींना टेकत, वीज वाहे आणि भोंगा ओरडे. आजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं, बापानं तांड्यात ज्वारी पेरली. घड्याळाची चाकरी करणारा घरातला हा पहिलाच. घड्याळं दोन होती. मोठं नेमाचं, धाकटं अडीअडचणीचं. भोंग्यानं कोणाचं ऐकायचं, ते त्यांच्यामधला खटका ठरवी.

एकसष्टच्या माघात, दुपारी तीनला, मोठ्याच्या पट्ट्या कोळशाच्या धुळीनं चिकटल्या. भोंगा थांबेचना. पूनमसिंगनं खटका धाकट्याकडे ओढला. भोंगा गप्प झाला. पण धाकटं दोन मिनिटं मागं होतं. त्याचे तीन आता वाजले, आणि भोंगा पुन्हा ओरडला.

थांबून पुन्हा भोंगा म्हणजे खाणीत अपघात. वस्तीतल्या बाया धावत सुटल्या. सगळ्यांच्या पुढं पूनमसिंगची बायको धनीबाई. सातवा महिना, हात पिठाचे. तिचा भाऊ बाबूसिंग खाली होता. तो वर आला तो विडी मागतच.

घरी येऊन धनीबाईनं गाठोडं बांधलं आणि दाराशी ठेवलं.

"मी तांड्यात चालली. लेकरू तिकडंच होईन."

"चूक माही होती, धनी."

"तुमची असो का घड्याळाची. पायाले काय समजते? पुन्हा वाजला तं पुन्हा धावतीन हे."

"आठ दिवस दे मले."

तिनं गाठोडं उचललं नाही, पण सोडलंही नाही.

साहेबांनी नागपूरहून नवा खटका आणवला. चकचकीत, दोन घरांचा, म्हणजे दांडा दोनच जागी बसणारा. बोट लागताच इकडून तिकडं. स्टोअरवाल्या नानाजीनं तो पुढं सरकवला, तर पूनमसिंग मोडक्या पंपावरचा तीन घरांचा गंजका खटका चोळून पुसत होता.

"अबे, हे भंगार काहून घेऊन राह्यला? एका घरात मोठं घड्याळ, एका घरात धाकटं. मंग मधातल्या घरात काय?"

"काहीच नाही."

"काहीच नाही, तं कायले पाह्यजे?"

"तेच तं पाह्यजे, नानाजी. मोठ्याले सोडलं, पन धाकट्याले अजून धरलं नाही. तेवढ्या वेळ कोनीच नाही बोलत."

"साहेबाले काय सांगू?"

"सांगा, नवा साहेबाच्या बंगल्यातल्या पंख्याले लावून देतो."

सहाव्या दिवशी सकाळी सातला पट्ट्या पुन्हा चिकटल्या. भोंगा लांबला. पूनमसिंगनं खटका मधल्या घरात आणला आणि हात तिथंच ठेवला. धाकट्याचा काटा सातावर आला, त्याच्या पट्ट्या टेकल्या, सुटल्या. भोंगा मुका. काटा पुढं सरकल्यावरच त्यानं खटका पलीकडं सारला.

जेवायला तो जरा भीतच घरी आला. धनीबाई भाकरी थापत होती.

"आज सकाळी भोंगा लांबला काय जी?"

"हो."

"मी उंबऱ्यात उभी राह्यली. म्हटलं, पुन्हा वाजते का काय."

"मंग?"

"मंग काय? तव्यावर भाकर होती. आली मागं."

तिनं भाकरी त्याच्या ताटात टाकली, हात धुतले आणि दाराशी जाऊन गाठोड्यातून आपला जुना, आरशांचा घागरा काढला.

"याची लेकराले झोळी होईन का हो? आढ्याले दोरी कुठं बांधता, ते पाहा बरं."