माझ्यावाचून अडतं म्हणे

आमच्या घरात कापडी पिशव्यांना तोटा नाही. नवरा इथेच भोपाळात एका सरकारी खात्यात आहे आणि वर्षातून तीन-चारदा त्याला ट्रेनिंगला पाठवतात. अरेरा कॉलोनीतला एखादा हॉल, एसी, दुपारी पनीर, आणि येताना पिशवी, वही, पेन. त्या पिशव्या घेऊन आम्ही मिसरोदच्या बाजारात भाजी आणायला जातो. "काय शिकलात?" असं विचारलं की तो म्हणतो, "जेवण बरं होतं." सुरुवातीला मला हसू यायचं. पुढे पुढे ती पिशवी बघितली तरी डोकं फिरायला लागलं, कारण तेवढ्या वर्षांत मला एकदाही कोणी कुठे पाठवलं नव्हतं.

मी मंडीदीपच्या एका औषध कारखान्यात पॅकिंगला आहे. गोळ्या पट्टीच्या खणात टाकायच्या आणि वरून फॉइल चिकटवायचं, एवढंच आमच्या मशीनचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण तापमान जरा इकडचं तिकडे झालं की फॉइल वरून चिकटलेलं दिसतं आणि आतून हवा खातं. म्हणून दर तासाला काही पट्ट्या निळ्या पाण्यात बुडवून, त्यांवरची हवा ओढून घेऊन तपासतात. एखाद्या खणात निळं पाणी शिरलेलं दिसलं की मशीन थांबवायचं आणि मधल्या तासाचा सगळा माल बाजूला काढायचा. हे काम मी इतकी वर्षं केलं आहे की पट्टीवरून अंगठा फिरवला तरी मला कळतं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, याच गुणाने माझा घात केला म्हणून सांगते.

पाच-सहा वर्षांपूर्वी नवीन मशीन येणार असं ठरलं. मशीन बनवणाऱ्या कंपनीत, पुण्याला, आठ दिवसांचं ट्रेनिंग होतं. जाणार एकच माणूस, आणि जो शिकून येईल तोच नव्या लाइनचा पक्का इनचार्ज होणार, असं बोर्डावर लागलं होतं. मला ती जागा हवी होती. उगाच आढेवेढे कशाला घेऊ, हवीच होती. तोपर्यंत लाइन सांभाळायची मी, नव्या बायकांना शिकवायची मी, आणि सही मात्र दुसऱ्याची. मी पुण्याच्या मावशीला फोन केला, माळ्यावरची बॅग काढून उन्हात ठेवली, आठ दिवस घरात कोणी काय करायचं तेही ठरवून टाकलं.

मग मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. बसायला खुर्ची दिली, तिथेच मला शंका यायला हवी होती.

"मैडम, आप आठ दिन चली जाओगी तो लाइन कौन चलाएगा? आपके बिना तो काम ही रुक जाता है."

आणि मी हसले. आज आठवलं तरी स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते, पण तेव्हा माझ्या अंगावर खरंच मूठभर मांस चढलं होतं. घरी येऊन सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "बघ, केवढा मान आहे तुला!" नवरा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला, "म्हणजे पाठवत नाहीयेत ना?" सगळ्या घरात तेवढ्या एकाच माणसाला नीट कळलं होतं, कारण ज्याच्यावाचून ऑफिसचं काही अडत नाही त्यालाच ट्रेनिंगला पाठवतात, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार!

पुण्याला गेला तो दुसऱ्या लाइनवरचा एक सहकारी. त्याचं मशीन दुरुस्तीसाठी उघडून ठेवलं होतं, म्हणून तो रिकामा होता. निवडीचं कारण एवढंच. माणूस वाईट नव्हता. येताना सगळ्यांना बाकरवडी आणली, एक जाडजूड फाइल आणली, आणि चौकटीत बसवलेलं सर्टिफिकेट आणलं, ते इथे पुन्हा आमच्या साहेबांच्या हातून घेतानाचा त्याचा फोटोही निघाला.

नवीन मशीन सुरू झालं त्या दिवशी पहिल्याच तासाच्या पट्ट्या निळ्या निघाल्या. दुसऱ्या तासाच्याही. तो फाइल उलटीपालटी करत होता, कपाळाला घाम. शेवटी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "दीदी, वहाँ तो मशीन चल रही थी. बिगड़ी हुई किसी ने दिखाई ही नहीं."

त्याचं हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. आठ दिवस माणूस नेला, जेवू घातला, सर्टिफिकेट दिलं, आणि दाखवलं काय तर नीट चालणारं मशीन! नीट चालणारं मशीन कोणीही चालवील. मी ती फाइल घरी नेली. इंग्रजी अर्धं कळलं, अर्धं चित्रांवरून लावलं, उरलेलं मशीनशी झटापट करून शिकले. पंधरा दिवसांनी पट्ट्या कोरड्या निघायला लागल्या. इनचार्ज तो झाला, कारण सर्टिफिकेट त्याच्याकडे होतं. मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

वर्ष व्हायच्या आत तो पीथमपूरच्या एका मोठ्या कारखान्यात निघून गेला, तेच सर्टिफिकेट दाखवून. साहेब आठवडाभर ज्याला त्याला एकच ऐकवत होते, "सिखाओ तो भाग जाते हैं." त्यांचा संताप खोटा नव्हता. शिकायला पाठवलेला एक माणूस त्यांच्या हातचा गेला होता. पण चुकीच्या माणसाला पाठवलं, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. त्यांनी धडा घेतला तो असा की यापुढे कोणालाच पाठवायचं नाही. मी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा उत्तर आलं, "अभी ऊपर मूड नहीं है." रिकाम्या जागेवर मला बसवलं, तेही प्रभारी म्हणून. काम सगळं माझं, पक्की नेमणूक नाही, कारण ट्रेनिंग नाही. ट्रेनिंग का नाही, तर लाइन कोण चालवणार! या चक्रात माझी वर्षं गेली.

यंदा वरचा मूड एकदाचा बदलला. पुन्हा पुणं, पुन्हा आठ दिवस, पुन्हा एकच जागा, आणि शिकून येणाऱ्याला पक्की नेमणूक. अट होती वय पंचेचाळिशीच्या आत. मी सत्तेचाळीसची. साहेबांनी कागद माझ्याकडे सरकवला, "आप ही बता दो, किसको भेजें."

नाव माझ्या डोक्यात तयार होतं. माझ्या लाइनवर एक बाई आहे, पस्तिशीची, मिसरोदला आमच्या मागच्याच गल्लीत राहते. बसमध्ये रोज माझ्या शेजारी बसते. मशीनचा आवाज जरा बदलला की माझ्याआधी तिची मान वळते. तिला ही बातमी कळली तेव्हाच ती मला म्हणाली होती, "दीदी, इस बार मेरा नाम देना. मुझे सीखना है." तिने बहिणीला मुलांजवळ येऊन राहायलाही सांगून ठेवलं होतं.

मी कागद घेऊन लाइनवर आले. त्याच आठवड्यात मोठी ऑर्डर पाठवायची होती, दोन बायका आजारी होत्या, आणि सकाळपासून मशीन कुरकुरत होतं. ते तिनेच ताळ्यावर आणलं. मी तिच्याकडे बघत उभी राहिले आणि मनात एकच विचार आला, ही आठ दिवस नसली तर मी काय करू? पेटी उचलणाऱ्यांत एक जण आहे, असला काय, नसला काय, सारखाच. मी त्याचं नाव लिहिलं, खाली सही केली आणि कागद साहेबांकडे देऊन आले. सही प्रभारीची होती, पण साहेबांना चालली.

संध्याकाळी बस निघाली तशी तिने विचारलं, "दीदी, नाम दे दिया?"

मी काहीतरी वेगळं सांगायचं ठरवलं होतं. वरून ठरलं, वयाचं काहीतरी, काहीही. पण तोंडातून निघालं ते आयतं तयार असलेलं, "तुम आठ दिन चली जाओगी तो लाइन कौन चलाएगा?"

क्षणभर तिचा चेहरा उतरला. आणि मग ती हसली. अगदी तशीच हसली. मला वाटत होतं की तिने भांडावं, चार शब्द सुनवावेत, निदान तोंड फिरवून बसावं. मी ऐकून घेतलं असतं. मी ऐकून घ्यायला तयारच होते.

तिने पर्समधून फोन काढला आणि बहिणीला लावला. "सुन, अब मत आना. मेरा जाना कैंसल हो गया," ती म्हणाली, आणि पुढचं बोलताना तिने माझ्याकडे कौतुकाने बघितलं. "नहीं रे, बुरा क्या मानना. मेरे बिना लाइन नहीं चलती ना. दीदी ने खुद कहा है."