मोहाच्या फांदीवरचा फोन

आमच्या गावात रेंज फक्त एका मोहाच्या झाडाला आहे, तीही वरच्या फांदीला. म्हणून त्या दिवशी बहिणीनं फोन दुपट्ट्यात बांधून फांदीला टांगला आणि सगळी ग्रामसभा मान वर करून माझ्याशी बोलत होती. मी तेलंगणात, बाटल्यांच्या कारखान्यामागे, जेवणाचा डबा न उघडता बसलेली.

पोंभुर्ण्याकडचं आमचं गाव बिड्यांसाठीचा तेंदूपत्ता स्वतः विकतं. त्या पैशातला एक वाटा दहावीनंतर शिकणाऱ्या पोरांच्या खोलीभाड्याला आणि खानावळीला जातो. बहिणीला चंद्रपूरला अकरावीत प्रवेश मिळाला होता, वसतिगृहात नाही. गावानं हात दिला नसता तर तीही माझ्यासारखी बाटल्यांना झाकणं लावायला आली असती. मला तीच धास्ती.

आमच्या सभेत एकजण जरी 'नाई' म्हणाला तरी ठराव थांबतो. शेजारचे म्हातारे बाबाजी म्हणाले, "हिची मोठी बहीन शाळा सोडून पळाली. हे टिकन कशावरून? पत्ता आपन उन्हात तोडतो बाप्पा!"

मला राहवलं नाही. "मी पळाली नाई, बाबाजी. बाबाचा पाय मोडला तवा दोघींतून एकच शिकू शकत होती. मी मोठी, म्हनून मी निघाली."

खालून पुन्हा बाबाजींचाच आवाज आला.

"अन् यीनं सोडली तं?"

"तं मी येतो अन् दोन उन्हाळे तुमच्या वाटचा पत्ता तोडतो."

"आता झाडावरूनच तोडतं का वं?" कोणीतरी ओरडलं. हशा पिकला. तेवढ्यात बहिणीचा आवाज आला, "बाबाजी, यंदाबी मी पत्ता तोडला. तुमच्याहून जास्त पुडके माहेच होते."

बाबाजी काय म्हणाले ते ऐकायच्या आत आमच्या कारखान्याचा भोंगा वाजला. मशीनवर फोन चालत नाही. पाळी संपेपर्यंत माझी किती झाकणं वाकडी बसली, देव जाणे. सुपरवायझर दोनदा ओरडला.

संध्याकाळी फोन लागला. "ताई, बाबाजी 'हो' म्हनले. म्हने, जे पोरगी सभेत मले तोंडावर बोलते, ते मास्तरले काय भ्यान!"

मी खोलीतल्या मुलींना गूळ वाटला. एकीनं विचारलं, "नोकरी लागली का कुणाला?" म्हटलं, "नाही. बहीण अकरावीला चालली. आमचं गाव शिकवतंय तिला."

आता ती बारावीत आहे. अजूनही घरचा फोन वाजला की आधी वाटतं, तिनं शाळा सोडली. पण कधी कधी फोनवर बाबाजीच असतात, झाडाखालून ओरडत, "काऊन वं, टिकून राह्यली नं आपली पोरगी?"

पहिल्यांदा ते 'हे टिकन कशावरून?' म्हणाले होते. आता 'आपली पोरगी' म्हणतात.

"टिकून राह्यली, बाबाजी," मी तितक्याच मोठ्यानं सांगते. सगळ्या कारखान्याला ऐकू जातं. जाऊ दे.