मावशीची गुलाबाची बाटली

माझ्या कडावच्या मावशीइतकं सुगंधी माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात सापडणार नाही. कोणाला शंका असेल तर त्याने ती मावशीसमोर बोलून दाखवावी. पुढच्या परिणामांना मी जबाबदार नाही. वय बासष्ट, गोठ्यात तीन म्हशी, टाचांना भेगा आणि अंगाला गुलाबाचा असा घमघमाट, की ती एसटीतून उतरली तरी पुढचे दोन थांबे लोक तिला शोधत असतात.

हे सुरू झालं माझ्या दहिवलीच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला. मावशी पहाटेच्या धारा उरकून, दुधाची किटली घेऊन थेट आली होती. माझ्या ऑफिसातल्या एका बाईंनी नाकाला पदर लावला आणि खुर्ची लांब सरकवली. मावशीने ते पाहिलं. मीही पाहिलं, आणि सांगायला लाज वाटते, मी काही बोलले नाही. मावशी पोटभर जेवली, वर पान खाल्लं, आणि उठली ती तडक कर्जतच्या बाजारात. "सगळ्यात जास्ती वास मारनारं काय हाय ते दे," तिने दुकानदाराला फर्मावलं. त्याने गुलाबाचं शॉवर जेल काढलं आणि विचारलं, "मावशी, घरी शॉवर आहे का?"

"तांब्या वर धरला का शावरच की रं!"

तेव्हापासून या जेलचे फायदे ती कोणालाही, न विचारता, उभ्याउभ्या ऐकवते. न्हाणी परसात, त्यामुळे साबणाची वडी कावळा पळवायचा. "आता बाटली नेऊन दाखव म्हनावं!" वडीला घरातल्या पाच जणांचे केस चिकटतात, बाटलीला नाही. घोसाळ्याच्या जाळीवर चार थेंब टाकले की फेस इतका होतो, की काकांच्या मते तिला आत शोधावं लागतं. भजनातल्या एकीने "या वयात कशाला गं ही थेरं?" असं विचारलं, तर मावशी म्हणाली, "मग काय सरनावर लावू?" ती बाई अजून दुसऱ्या रांगेत बसते.

खरी अडचण केली चांदीने. चांदी म्हणजे मावशीच्या हातावर वाढलेली आईवेगळी म्हैस. गुलाबाची मावशी धारेला बसताच ती बुजली, तिने बादली उडवली आणि पान्हा चोरला. तीन दिवस हाच तमाशा. काकांनी निकाल दिला, "बाटली टाक, नायतर म्हैस इक."

"बाटली टाकनार नाय नि चांदी इकनार नाय. शिकंल ती."

आणि ती रोज चांदीच्या कपाळावर, गोठ्याच्या खांबाला, पेंडीच्या टोपलीच्या काठाला जेल चोळू लागली. आठवड्याभरात चांदी शिकली. जरा जास्तच शिकली. मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ती महिनाभर माझ्याकडे राहिली, आणि तिसऱ्याच दिवशी काकांचा पडक्या आवाजात फोन आला, "ती बाटली कुठं ठेवलीय?" बिनगुलाबाच्या माणसाला चांदी जवळ येऊ देत नव्हती. मग काका रोज पहाटे गुलाबाने न्हाऊन धारेला बसू लागले. ही बातमी मावशीने अंथरुणात पडल्यापडल्या अर्ध्या गावाला फोनवरून कळवली.

घरी परतायच्या दिवशी मात्र तिचा नूर बदलला. जखम भरेपर्यंत डॉक्टरांनी जेल बंद केलं होतं. अंगाला नुसता औषधांचा वास. "चांदी वळखंल ना गं मला?" हे तिने वाटेत मला तीनदा विचारलं. मलाही धाकधूक होतीच.

रिक्षा दारात थांबली. "अवो, हात द्या की जरा!" मावशी काकांवर ओरडली, आणि तो आवाज ऐकताच चांदीने रेकून गोठा डोक्यावर घेतला. मावशी काठी टेकत, धडपडत आत गेली आणि तिच्या गळ्यात पडली. चांदी तिचा औषधाच्या वासाचा हात चाटत राहिली. सगळ्या गावाला पुरून उरलेली ती बाई लहान पोरीसारखी रडली.

मग पदराने नाक पुसत म्हणाली, "हिला मी कशी बी चालते बघ. बाटली मानसांसाठीच लागती."

मी खाली मान घालून चांदीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.