पायाशी ठेवलेले दगड

नारपोलीत कापडाच्या लूमच्या खडखडाटात उभा जन्म गेल्याने माझ्या ओळखीच्या एका कामगाराला नीट ऐकू येत नाही, आणि बाकीच्यांनाही येत नसणार असं धरून तो सगळ्यांशी ओरडूनच बोलतो. "थंडी हाय! मासा येनार!" हा त्याचा रोजचा नमस्कार. हिवाळ्यात रात्रपाळी सुटली की तो घरी न जाता गळ घेऊन कामवारी नदीच्या काठी येतो. मी तिथे सकाळी फिरायला जातो. ओहोटीला नदीतला एक खडक उघडा पडतो. त्याच्या टोकावर, काठाकडे पाठ करून, दोरा बोटाला गुंडाळून तो बसतो. तिथे मात्र चकार शब्द काढत नाही.

परवा भरती लवकर चढली. त्याच्यामागची चिखलातली वाट बुडायला लागली. मी हाका मारल्या, शिट्ट्या मारल्या. त्याची मानसुद्धा हलली नाही. शेवटी मी एक मोठा दगड उचलून त्याच्या गळाजवळ भिरकावला. त्याने वळून पाहिलं, आणि कमरेएवढ्या पाण्यातून धडपडत तो काठावर आला. आल्या आल्या माझ्यावरच खेकसला, "मासा पलवलास ना!"

काल मी गेलो तेव्हा तो काठावरच थांबला होता. मला पाहताच त्याने खिशातून मूठभर खडे काढून माझ्या पायाशी ठेवले.

"बारके हायेत! मासा पलनार न्हाय!"

मग खडकावर जाऊन, नेहमीसारखी माझ्याकडे पाठ करून बसला.

आता थंडी संपेपर्यंत मला आजारी पडायचीही सोय नाही.