चौथी सेटिंग

क्रेन चालवणाऱ्या त्या माणसाला साइटवर सगळे बगळा म्हणत. मान लांब, बोलणं कमी आणि दिवसभर उंचावर बसून खाली टक लावून पाहायचं, एवढ्या भांडवलावर दुसरं नाव मिळणं अवघडच होतं. उभं आयुष्य त्याने आभाळाला टेकलेल्या शिड्या चढण्या-उतरण्यात काढलं आणि पडला तो जमिनीपासून जेमतेम पुरुषभर उंचीवरून. बघणारे आधी हसले. पाठीचा खालचा मणका दबला होता, नसा चेंगरल्या होत्या. पाय वाचले. फक्त लघवी आणि संडास या दोन खात्यांनी त्याला आगाऊ कळवणं बंद केलं. जे व्हायचं ते होऊन गेलं, की त्याला वासावरून समजे.

वर्षभराने इस्पितळात त्याच्या कमरेखाली, कातडीच्या आत, काडेपेटीएवढं यंत्र बसवलं. त्यातून निघालेली तार माकडहाडाजवळच्या नसेला विजेचे बारीक ठोके देत राहते, म्हणजे नस जरा ताळ्यावर येते. रिमोट बगळ्याच्या हातात. सेटिंग लावून देणारी बाई त्याच्या निम्म्या वयाची होती.

"काका, मुंग्या जाणवल्या की तिथून एक पायरी खाली आणायचं. जिथे काहीच जाणवत नाही, तिथेच ते नीट काम करतं."

जे जाणवत नाही ते चालू आहे, यावर क्रेनवाल्याने विश्वास कसा ठेवायचा? दांड्याला थरथर नाही म्हणजे यंत्र बंद, हे तो विशीतच शिकला होता. घरी आल्यावर त्याने जोर वाढवत नेला. पुढच्या भेटीला आला तेव्हा पायाचा अंगठा चपलेत आकडा होऊन बसला होता.

"काका, लोखंड उचलायचं नाहीये आपल्याला," बाई म्हणाली. "नस आहे ती."

इकडे मुकादमाने त्याची जागा धरून ठेवली होती, पण किती दिवस धरणार? "बगळ्या, एक अख्खी पाळी वर बसून दाखव. नाही जमलं तर गेटवर हेल्मेट वाटायला बस. खुर्ची आहे, पंखा आहे."

रिमोटमधल्या चारपैकी पहिल्या दोन सेटिंगांनी काही फरक पडला नाही. तिसरी लावली आणि सकाळी चादर कोरडी निघायला लागली. तो पडला तेव्हापासून बायको स्वयंपाकघरात जमिनीवर निजत होती. चार दिवस वाट पाहून ती उशी घेऊन पलंगावर परत आली. "वाळलात की हो," ती म्हणाली, आणि दोघं कितीतरी महिन्यांनी हसली. पण दिवसा पँट खराब व्हायची, ती होतच राहिली. मग चौथी लावली. संडास सभ्य माणसासारखा वेळेवर आणि सांगून होऊ लागला. चादर पुन्हा भिजली.

बाईने दोन्ही एकत्र साधायला अख्खी दुपार घालवली. जमलं नाही. दिवसा चौथी आणि झोपताना तिसरी करावी, तर प्रत्येक बदल अंगात मुरायला आठवडे लागतात. डॉक्टर मात्र खूश होते. "त्रास निम्म्याने कमी झाला, की आम्ही त्याला यश म्हणतो."

घरी बायकोने विचारलं, "मग? कुठली ठेवणार?"

"बघतो."

"तिसरी ठेवा आणि गेटवर बसा. बाजूलाच संडास आहे."

"गेटवर म्हातारी माणसं बसतात."

"मग तुम्ही कोण, नवरदेव?"

तो म्हणाला, "अगं, वर केबिनमध्ये बाटली चालते. सगळेच क्रेनवाले नेतात, त्यात लाज नाही. दुसऱ्याची वर सोय नाही. उतरेपर्यंत..."

"आणि माझी सोय?"

रिमोट पलंगावर पडला होता. त्याने तो उचलला. त्यावर चार दिसत होता. त्याने काहीही दाबलं नाही आणि रिमोट खिशात टाकला.

"बरोबर आहे," बायको म्हणाली. "वर झालं तर साऱ्या साइटला कळेल. इथे काय, मला एकटीलाच कळतं." आणि उशी काखेत मारून ती स्वयंपाकघरात गेली.

सोमवारी तो वर चढला. वेळ लागला, पण चढला. दिवसभर हूक खाली गेला, लोखंड वर आलं, बाटली भरली, बाकी काही झालं नाही. पाळी संपत आली तेव्हा त्याने सवयीने पाण्याच्या टाकीपलीकडे पाहिलं. तिकडे त्याच्या घराची गच्ची दिसते. दोरीवर चादर होती. काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, म्हणून त्याने डोळे बारीक केले. लांबचं बघायची नजर शाबूत होती. पलंगाची ती मोठी चादर, मधोमध थाळीएवढं लाल फूल असलेली, बायकोने सरळ रेषेत कापली होती. कड नीट दुमडून शिवलेली असणार, ती कामाला पक्की. दोरीवर एकच अर्धी चादर होती, तिच्या कडेला अर्धं फूल. स्वयंपाकघरातली दुसरी अर्धी धुवायची गरज नव्हती.

हातातला वॉकी-टॉकी खरखरला. "जिंकलास की रे बगळ्या!" मुकादम ओरडत होता. "वर सगळं ठीक?"

"ठीक," बगळा म्हणाला, आणि त्याने हूक खाली सोडला.